तुरकाठी

शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव. जुलैतली पहाट. आजींनी परड्यात, पाण्याच्या कडेला एक तुरकाठी रोवली. तासाभराने काठी चार बोटं पाण्यात होती. "चढतंय," त्या म्हणाल्या आणि घर रिकामं व्हायला लागलं.

आधी जनावरं. थोरला मुलगा म्हशी घेऊन माळावरच्या पाहुण्यांकडे निघाला, मागून वैरणीची ट्रॉली. मग ज्वारीची पोती माळ्यावर. सातबारा, रेशनकार्ड, पासबुकं प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत. गॅसची टाकी खांबाला दोरीने बांधली, नाहीतर पाण्यात तरंगत जाते. वांग्याच्या बियांची पुरचुंडी आजींनी स्वतः कनवटीला लावली. बाहेरून आलेली मी पोती धरत होते. कुणी कुणाला काय करायचं ते सांगत नव्हतं.

मधूनच धाकटा मोबाइलवर कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायचा. ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. ते पाणी आपल्या गल्लीत कधी येणार, हा हिशेब मात्र घरातलाच.

पुढे नृसिंहवाडीला पंचगंगा कृष्णेला मिळते. कृष्णा तुडुंब असली की पंचगंगेला वाट मिळत नाही. पाणी फुगतं आणि शिवारात मागे पसरतं. म्हणून इथला पूर बहुधा अंगावर धावून येत नाही, इंचाइंचाने चढतो. वाडीच्या दत्तमंदिरात तेच पाणी पादुकांवरून दक्षिण दारातून बाहेर पडलं की लोक श्रद्धेने त्यात स्नान करतात.

सगळे माळावर पोचल्यावर त्या रात्री मी आजींना विचारलंच, इथून उठत का नाही?

"घर हलवू पोरी. मळी कशी हलवायची?"

मळी म्हणजे नदीच्या गाळाची काठावरची जमीन. कृष्णाकाठच्या वांग्यांची चव तिचीच. नदी घेतेही भरपूर: उसाच्या सुरळीत गढूळ पाणी बसलं की शेंडा कुजतो, वर्षाची कमाई जाते. तरी उंचावरच्या एखाद्या प्लॉटवर फार तर घर उभं राहील. गोठा, वैरण आणि पायाखालचं रान तिथे कुठून आणायचं?

पाणी उतरायला लागलं तसे आम्ही परतलो. उतरत्या पाण्यानेच खराटे मारून भिंती धुवायच्या. गाळ वाळला की खरवडावा लागतो. धुताना जुन्या पुरांच्या दोन रेघा दिसल्या. खालची २००५ ची, वरची २०१९ ची. "पाच साली इथवर आलं नव्हतं," या भरवशावर २०१९ मध्ये हे घर थांबलं होतं. शेवटी होडीने निघावं लागलं.

ही माणसं अडाणीपणाने इथे राहत नाहीत, हे मी त्या दिवसांत पाहिलं. पण त्यांचं माप मागच्या पुराचं आहे, आणि पुढचा पूर मागची रेघ मानत नाही. बंधाऱ्याचे फूट सांगून भागणार नाही. कुठल्या गल्लीत पाणी कधी पोचेल, हे त्यांना वेळेवर कळायला हवं. तेवढं आपण त्यांचं देणं लागतो.

या वेळी पाणी दोन्ही रेघांच्या खालीच राहिलं. तरी कागदांची पिशवी आजींनी माळावरून परत आणली नाही. "पावसाळा सरूस्तवर तिथंच ऱ्हाऊ दे."

पुरचुंडी मात्र कनवटीलाच होती. मळीत उतरून त्यांनी गाळात पायाचा अंगठा रुतवला, काढला, पुन्हा रुतवला.

"वाफसा न्हाई अजून," म्हणाल्या. "आठ दिस जाऊ देत."