वस्तूंच्या प्रती, संगणकीय
संगणक कार्यक्रमण भाषेत माहिती व तिच्यावरील क्रिया यांच्या एकत्र बांधलेल्या समूहास वस्तू म्हणतात. एका वस्तूवरून तशीच दुसरी वस्तू संगणकाच्या स्मृतीत निर्माण करणे म्हणजे तिची प्रत करणे होय. प्रतीत केलेला बदल मूळ वस्तूत कितपत उमटतो, यावरून प्रतींचे प्रकार ठरतात.

उदाहरणार्थ, रायगड किनाऱ्यावरील मांडव्याहून मुंबईस जाणाऱ्या नौकेची ‘फेरी’ ही वस्तू घेऊ. तिच्यात सुटण्याची वेळ, नौकेची माहिती व प्रवाशांची यादी हे घटक आहेत. वेळ हे साधे मूल्य आहे. नौका व यादी या मात्र स्वतंत्र वस्तू असून फेरीत त्यांच्या स्मृतीतील स्थानांचे केवळ निर्देश असतात. सकाळच्या फेरीवरून दुपारच्या फेरीची नोंद करावयाची आहे.

नामांतर : पायथन किंवा जावा या भाषांत ‘दुपार = सकाळ’ असे लिहिल्यास प्रत होतच नाही; एकाच वस्तूला दोन नावे मिळतात. दुपारची वेळ बदलली की सकाळचीही बदलते.

उथळ प्रत : हीत फेरी नवी होते व वेळ स्वतंत्र राहते, परंतु यादीचा निर्देशच उतरविला जातो. त्यामुळे दुपारच्या प्रवाशाचे नाव सकाळच्या यादीतही दिसते. पायथनमधील ‘कॉपी’ हे फलन अशी प्रत करते. जावातील ‘क्लोन’ची मूळ पद्धतीही हीच आहे.

खोल प्रत : हीत आतील वस्तूंच्याही प्रती होतात. पायथनमध्ये यासाठी ‘डीपकॉपी’ हे फलन आहे. वस्तू परस्परांचा निर्देश करीत असल्यास प्रतिकरण अखंड चालू राहू नये, म्हणून ते आधी केलेल्या प्रतींची नोंद ठेवते. या प्रकारास वेळ व स्मृती अधिक लागते.

खोल प्रत नेहमीच योग्य असते असे नाही. दोन्ही फेऱ्यांची नौका एकच असताना तिचीही प्रत झाली, तर दुरुस्तीचा शेरा एका नोंदीत चढतो व दुसरीत राहून जातो. यास्तव कोणता घटक स्वतंत्र व कोणता सामाईक, हे प्रत्येक घटकाबाबत ठरवावे लागते. सी++ भाषेत त्यासाठी ‘प्रत-रचनाकार’ लिहिता येतो.

हा विवेक केवळ तांत्रिक नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट बुडून सहाशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. अशा प्रसंगी कोणाचा शोध घ्यावयाचा हे यादीवरूनच कळते; दोन फेऱ्यांची नावे मिसळलेली यादी तेव्हा निरुपयोगी ठरते.