सोरायसिस आणि नाजूक त्वचा : नित्याची निगा

शाळेत पोषण आहार शिजविणाऱ्या एखाद्या बाईंच्या कोपरांवर आणि तळहातांवर चंदेरी खपल्यांचे लालसर चट्टे दिसू लागतात. प्रथम पालकांत कुजबूज सुरू होते, मग काही मुले घरून डबा आणू लागतात, आणि शेवटी त्या बाईंना कामावरून दूर करावे असा विषय समितीच्या बैठकीपुढे येतो. बैठकीस बसलेल्यांपैकी कोणासही त्यांचे अहित करावयाचे नसते. मुलांच्या आरोग्याची काळजी एवढाच हेतू असतो. परंतु हा निर्णय ज्या समजुतीवर उभा राहतो ती समजूतच चुकीची असण्याचा संभव फार मोठा आहे. आजार सोरायसिसचा असेल, तर तो स्पर्शाने, अन्नाने, पाण्याने, कपड्याने किंवा एका अंथरुणात झोपल्याने दुसऱ्यास होत नाही. ज्यांच्या हाती असे निर्णय असतात त्या अधिकाऱ्यांना, शिक्षकांना व पंचायत सदस्यांना या आजाराची आणि त्यातील रोजच्या निगेची माहिती असणे म्हणूनच अगत्याचे आहे.

आजाराचे स्वरूप

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर सतत झिजत असतो व खालून नवा तयार होत असतो. खालच्या थरात जन्मलेली पेशी वर येऊन गळून पडण्यास निरोगी माणसात सुमारे चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास अवघ्या तीन ते पाच दिवसांत उरकला जातो. पुरत्या न पिकलेल्या पेशी एकावर एक साचतात आणि त्यांच्याच खपल्या दिसतात. खपली ओरबाडून काढली, तर खाली टाचणीच्या टोकाएवढे रक्ताचे ठिपके उमटतात. या घाईचे मूळ शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेत आहे. बाहेरच्या जंतूंशी लढणारी ही यंत्रणा स्वतःच्याच त्वचेस चिथावणी देऊ लागते. काही घराण्यांत हा कल आनुवंशिक असतो. मात्र आईस किंवा वडिलांस आजार आहे म्हणून मुलास तो होईलच असे नाही.

या आजाराचा इतिहास गैरसमजाचाच इतिहास आहे. युरोपातही शतकानुशतके सोरायसिसचे रुग्ण कुष्ठरोगी समजले जात. व्हिएन्नाचे त्वचारोगतज्ज्ञ फर्डिनांड फॉन हेब्रा यांनी १८४१ मध्ये हे दोन आजार भिन्न असल्याचे स्पष्ट केले. जागतिक आरोग्य सभेने २०१४ च्या ठरावात सोरायसिस हा दीर्घकालीन व असंसर्गजन्य आजार असल्याचे नमूद करून, रुग्णांच्या वाट्यास येणाऱ्या अवहेलनेकडे सदस्य देशांचे लक्ष वेधले. भारतात प्रौढांमधील त्याचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत शेकडा ०.४४ ते २.८ असे आढळले आहे. या पाहण्या बहुतांशी रुग्णालयांत आलेल्या लोकांच्या असल्यामुळे हे आकडे सरसकट गावास लावता येत नाहीत. तथापि हा काही विरळा आजार नव्हे, एवढे त्यांवरून निश्चित दिसते.

येथे एक सावधगिरी हवी. प्रत्येक चट्टा सोरायसिसचा नसतो. नायटा किंवा गजकर्ण बुरशीमुळे होतो, कडेने पसरत मध्ये निवळत जातो आणि एकाच पंचाने अंग पुसणाऱ्या घरात पसरतो. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यांत फोड येतात व बहुधा घरातील अनेकांना एकदमच त्रास होतो. कुष्ठरोगाचा चट्टा बधिर असतो आणि त्यावर सोरायसिससारख्या जाड खपल्या सहसा नसतात. बहुविध औषधोपचाराने तो पूर्ण बरा होतो व ही औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. निदान समितीने अथवा शेजाऱ्यांनी करावयाचे नसून ते प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून, आणि शंका राहिल्यास जिल्हा रुग्णालयातील त्वचारोगतज्ज्ञांकडून करून घ्यावे.

घासण्याची सवय

सोरायसिसच्या त्वचेची एक खोड सर्वप्रथम ध्यानात घेतली पाहिजे. जेथे ती खरचटते, भाजते, चिरडते किंवा वारंवार घासली जाते, तेथे साधारण दहा ते वीस दिवसांनी नवा चट्टा उमटू शकतो. एकोणिसाव्या शतकातील जर्मन वैद्य हाइन्रिख कोबनर यांनी ही गोष्ट प्रथम नोंदविली. आपल्याकडील नित्याच्या कितीतरी सवयी या दृष्टीने तपासून पाहाव्या लागतात. टाचेच्या भेगा वज्रीने खरडणे, खपल्या दगडाने घासून काढणे, परकराची नाडी कमरेस करकचून आवळणे, उघड्या अंगावर घोंगडी पांघरणे, ही सर्व या आजाराला आमंत्रणेच होत. नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा, घोंगडीखाली धुतलेली सुती चादर घ्यावी, नखे नेहमी कापलेली असावीत.

दिवाळीच्या अभ्यंगस्नानाबद्दल अनेकजण विचारतात. त्यातील तेल लावण्याचा भाग उत्तम. उटणे रगडण्याचा भाग सोरायसिसच्या रुग्णाने सोडून द्यावा. डाळीचे पीठ अंगास हलक्या हाताने फिरवून धुतले तर बहुतेकांना चालते, परंतु भरड उटण्याने चट्टे चोळणे म्हणजे आजारास खतपाणी घालणे आहे. याहून घातक प्रकार बिब्ब्याचा. खाजेवर किंवा चट्ट्यावर बिब्बा उतरविण्याची रीत अजूनही काही भागांत आढळते. बिब्ब्याच्या तेलाने निरोगी त्वचेवरही फोड येतात, मग आधीच चिथावलेल्या त्वचेची काय कथा.

स्नान व स्निग्धता

थंडीच्या दिवसांत बंबातले कढत पाणी अंगावर घेतल्याने क्षणभर खाज शमते, आणि तासाभरात दुप्पट वाढते. कारण कढत पाणी त्वचेतील नैसर्गिक स्निग्धता धुऊन नेते. स्नान रोज करावे, पण पाणी कोमट असावे आणि ते दहा मिनिटांत आटोपावे. साबणाबाबतही तारतम्य हवे. निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तर नेहमीचा साबण बराच अल्कधर्मी. काखा, जांघा, पाय एवढ्यापुरता सौम्य व बिनवासाचा साबण वापरावा आणि उरलेले अंग नुसत्या पाण्याने धुवावे. कपडे धुण्याची वडी अंगास लावण्याची काटकसर शेवटी महागात पडते.

स्नानानंतर अंग खसाखसा न पुसता पंचाने टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच, म्हणजे तीन-चार मिनिटांच्या आत, स्निग्ध द्रव्य लावावे. संपूर्ण निगेतील सर्वांत महत्त्वाची कृती कोणती असे विचारल्यास लेखक हीच सांगेल. स्निग्ध द्रव्य पाणी निर्माण करीत नाही, ते असलेले पाणी आत अडवून धरते. म्हणून कोरड्या ठणठणीत त्वचेवर तासाभराने चोळलेल्या तेलाचा उपयोग निम्माही होत नाही. यासाठी महागड्या बाटल्यांची गरज नाही. बिनवासाचे पांढरे पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन किंवा शुद्ध खोबरेल यांपैकी जे परवडेल व मानवेल ते पुरते. कोकणच्या दमट हवेत पातळ द्रव्य पुरेल. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या थंडीत जेलीसारखा दाट लेपच टिकतो. लावावयाचे ते सढळ हाताने, केस ज्या दिशेने वळलेले असतात त्या दिशेने, दिवसातून निदान दोनदा. सर्वांगावर चट्टे असणाऱ्या प्रौढास आठवड्यास पाव ते अर्धा किलो द्रव्य सहज लागते. बोटभर डबी महिनाभर पुरविणाऱ्यास गुण येत नाही यात नवल नाही.

एक धोका मात्र सांगितलाच पाहिजे, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. जेली, पॅराफिन किंवा तेल शोषलेले कापड विस्तवाजवळ फार लवकर पेट घेते आणि ते नुसते धुतल्याने पुरते स्वच्छ होत नाही. चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांनी लेप रात्री लावावा, झोपताना वापरलेला पदर वा ओढणी स्वयंपाकाच्या वेळी अंगावर ठेवू नये, आणि विडी ओढणाऱ्यांनी तर विशेष जपावे. धूम्रपान व मद्य यांनी मूळ आजारही बळावतो.

डोक्यातील खपल्यांना कोंडा समजून कंगव्याने खरवडू नये. रात्री खोबरेल मुरवून सकाळी मऊ झालेल्या खपल्या बोटांच्या पेरांनी, नखे न लावता, सोडवाव्या. सकाळचे कोवळे ऊन पुष्कळांना मानवते. त्वचा भाजेपर्यंत उन्हात बसल्याने मात्र चट्टे वाढतात. बावचीचे तेल लावून उन्हात बसण्याचा घरगुती उपाय टाळावा. बावचीतील सोरालेन या द्रव्याचा किरणोपचारात उपयोग होतो हे खरे, आणि १९७४ पासून ती पद्धती जगभर रूढ झाली हेही खरे. परंतु तेथे किरणांची मात्रा यंत्राने मोजून दिली जाते. अंगणातील उन्हास माप नसते आणि अंग भाजून निघते.

मलमे आणि गोळ्या

औषध योजना वैद्यांनीच ठरवावयाची असल्याने तिचा तपशील येथे देत नाही. दोन बाबतींत मात्र घराघरांत चुका होतात.

पहिली चूक स्टेरॉइडच्या मलमाची. योग्य ताकदीचे, योग्य जागी, ठराविक दिवस वापरलेले हे मलम अतिशय गुणकारी आहे. पण दुकानदारास चट्टा दाखवून आणलेली, स्टेरॉइड, बुरशीनाशक व जंतुनाशक एकत्र केलेली नळी महिनोन्‌महिने चोळल्यास त्वचा पातळ होते, जांघेत व काखेत पांढरे वण पडतात, चेहरा लाल होतो, आणि आजार सोरायसिस नसून नायटा असेल तर तो दबून आतल्या आत पसरतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता येणार नाहीत अशा औषधांच्या वर्गात घातली आहेत. मात्रेसाठी सोपे माप आहे : प्रौढाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नळीतून काढलेली मलमाची रेघ दोन तळव्यांएवढ्या जागेस पुरते. स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शने तर याहून बेभरवशाची. ती अचानक थांबविली की सर्वांगावर पुवाचे फोड येऊन किंवा संपूर्ण त्वचा लाल होऊन प्राणावर बेतू शकते. घटक न लिहिलेल्या पुड्यांतही स्टेरॉइड मिसळलेले सापडलेले आहे. म्हणून ‘एका पुडीत गुण’ अशा औषधाबद्दल संशयच धरावा.

दुसरी चूक मेथोट्रेक्सेट या गोळीची. सोरायसिससाठी ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. रोजच्या गोळ्यांच्या सवयीने ती रोज घेतली गेल्यास अस्थिमज्जेचे कार्य मंदावून मृत्यूही ओढवतो, व अशा घटना घडलेल्या आहेत. घरातील दिनदर्शिकेवर एकच वार ठरवून त्यावर खूण करावी. वाचता न येणाऱ्या रुग्णाबाबत आशा कार्यकर्तीने किंवा शेजारच्या शिक्षकांनी एवढी एक गोष्ट पाहिली तरी मोठे काम होईल. गर्भवती स्त्रीने, किंवा मूल होण्याचा विचार असलेल्या स्त्री-पुरुषांनी ही गोळी सुरू असल्यास डॉक्टरांस तसे अवश्य सांगावे.

ज्यांची त्वचा केवळ नाजूक आहे

सोरायसिस नसतानाही अनेकांची त्वचा थोड्याशा निमित्ताने पेटून उठते. कुंकू किंवा चिकटविण्याच्या टिकलीने कपाळ चुरचुरते, केसांच्या काळ्या रंगाने व त्या रंगद्रव्याच्या भेसळीच्या ‘काळ्या मेंदी’ने कानशिले सुजतात, सिमेंट कालविणाऱ्या गवंड्याचे हात फुटतात. शेतकऱ्यांच्या बाबतीत गाजर गवताची आठवण प्रथम व्हावी. १९५० च्या दशकात पुणे परिसरात ध्यानात आलेले हे गवत पुढे देशभर पसरले. त्याच्या सूक्ष्म कणांनी चेहरा, मान आणि हातांची उघडी त्वचा काळवंडते व जाड होते. ते फुलावर येण्यापूर्वी, हातमोजे घालून व तोंडाला फडके बांधून उपटावे; ग्रामपंचायतीने हे काम पावसाळ्याच्या प्रारंभीच घ्यावे. कोणतेही नवे साबण, तेल किंवा मलम कोपराच्या आतल्या बाजूस रुपयाएवढ्या जागेवर आठवडाभर रोज लावून पाहावे आणि मगच तोंडास लावावे.

सोरायसिसच्या रुग्णास सकाळी उठल्यावर बोटांचे किंवा टाचेचे सांधे अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडत असतील, एखादे बोट सबंध सुजत असेल, तर ते वाताचे दुखणे म्हणून सोडून देऊ नये. रुग्णांपैकी पुष्कळांना, काही पाहण्यांनुसार जवळजवळ तीन दशांशांना, सांध्यांचा विकार होतो व उशीर झाल्यास सांधे कायमचे वाकडे होतात. सर्वांग लाल होणे, थंडी वाजून ताप येणे, पुवाचे फोड उठणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

आता पुन्हा त्या शाळेच्या स्वयंपाकघराकडे. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सोरायसिस असल्याचे लिहून दिले, की बाईंना कामावर ठेवण्यास हरकत उरत नाही. मात्र भांडी घासण्याच्या पावडरीने त्यांचे हात अधिक फुटतात, यास्तव ते काम दुसऱ्याकडे द्यावे, किंवा आत सुती अस्तर असलेले रबरी हातमोजे शाळेने पुरवावेत. तळहातास भेगा पडून रक्त येत असेल किंवा पू झाला असेल, तर तेवढे दिवस त्यांनी अन्नास हात न लावता धान्य निवडण्याचे वा नोंदीचे काम करावे. बोट कापलेल्या कोणत्याही स्वयंपाकिणीस हाच नियम लागू असतो. पालकांच्या सभेत ही गोष्ट मुख्याध्यापकांनी स्वतः सांगावी, आणि त्या दिवशी शिक्षकांनी मुलांच्या पंगतीस बसून त्याच बाईंच्या हातचे जेवावे.