शाळेतील संगीतशास्त्राचा तास

गाणे शिकायचे तर गळा हवा, कान हवा आणि गुरू हवा. शास्त्र कशाला, असे म्हणणारे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. उलट बाजूला, मुलाला थाट, वादी-संवादी, जाती हे सगळे तोंडपाठ आले म्हणजे त्याला संगीत आले, असे मानणारेही कमी नाहीत. माध्यमिक शाळेत संगीत हा विषय घेणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला ही दोन्ही मते येतात आणि दोहोंमध्ये त्यांची कुचंबणा होते. या तासाला मुलांना काय मिळू शकते आणि प्रत्यक्षात काय मिळते, याचा थोडा विचार येथे करावा, असा आमचा हेतू आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, शाळेत वर्ग भरवून, फळ्यावर लिहून संगीत शिकवणे ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी नाही. बडोद्यास मौलाबक्ष यांची गायनशाळा १८८६ साली निघाली. पं. विष्णु दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि वर्ग, वेळापत्रक, परीक्षा यांची शिस्त गाण्याला लावली. त्यांच्या शिष्यांनी पुढे १९३१ साली मंडळ स्थापन केले. त्या मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षांना आजही गावोगावची मुले बसतात. दुसऱ्या बाजूने पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी वकिली बाजूला सारून देशभर प्रवास केला, चिजा गोळा केल्या, ग्रंथ पडताळले आणि रागांची मांडणी दहा थाटांत केली. त्यांचा ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा चार भागांचा ग्रंथ मूळ मराठीत असून तो गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात आहे. शिष्य शंका विचारतो, गुरू उत्तर देतो, शिष्य पुन्हा शंका काढतो. दुर्दैव असे की, त्या ग्रंथातील उत्तरे तेवढी आमच्या शाळांत आली. शंका ग्रंथातच राहिल्या.

आमचाच अनुभव सांगतो. आठवीत असताना आम्ही भूपाली आणि देसकार यांतील फरक परीक्षेत अगदी बिनचूक लिहिला होता. दोहोंत सा रे ग प ध हेच पाच स्वर. भूपाली कल्याण थाटातला, वादी गंधार, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देसकार बिलावल थाटातला, वादी धैवत, वेळ सकाळची. गुण पैकीच्या पैकी मिळाले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी घरी रेडिओ लागला होता. वडिलांनी विचारले, “हा राग कोणता रे?” आम्ही ऐटीत सांगितले, “भूप.” वडील शास्त्र शिकलेले नव्हते. ते एवढेच म्हणाले, “अरे, सकाळी नऊ वाजता भूप कोण गातो? आणि तो गवई वरच्या धैवतावरून खाली उतरायला तयार नाही, ते ऐकू येत नाही का?” ते खरोखरच आम्हाला ऐकू आले नव्हते. वादी म्हणजे काय याची व्याख्या आम्हाला येत होती. वादी स्वर कानाने कसा ओळखावा हे कोणी दाखवले नव्हते.

पुढच्या वर्षी शिक्षक बदलले. नव्या मास्तरांनी सुताराकडून तीन फूट लांबीची एक फळी करून आणली, दोन टोकांना आधार देऊन त्यांवर ३६ इंचांची तार ताणली आणि तिच्याखाली सरकवण्यासाठी एक लहानशी लाकडी घोडी ठेवली. मोकळी तार छेडली, तो आमचा षड्ज. घोडी बरोबर मध्यावर आणून १८ इंचांची तार छेडली, तो वरचा षड्ज निघाला. मग मास्तर म्हणाले, “आता पंचम तुम्ही शोधा. गाऊन पाहा आणि घोडी सरकवा.” आम्ही पाचसात मुलांनी आळीपाळीने घोडी सरकवली आणि जेथे स्वर जुळला तेथे पट्टी लावली, तो २४ इंच भरले. मध्यम २७ इंचांवर, ऋषभ ३२ वर आणि गंधार २९ च्या किंचित अलीकडे, म्हणजे २८.८ इंचांवर मिळाला. गणितातली त्रैराशिके आम्हाला कधी गोड वाटली नव्हती, ती त्या दिवशी वाटली. तार दोनतृतीयांश केली की आंदोलने दीडपट होतात. षड्जाची २४० धरली तर पंचमाची ३६० आणि गंधाराची ३००. तारेच्या लांबीवरून स्वरांची जागा सांगण्याची ही रीत सतराव्या शतकातील अहोबलाच्या ‘संगीतपारिजात’ या ग्रंथातही आहे, हे त्यांनी शेवटी सांगितले. आधी कानाला पटवले, मग ग्रंथ काढला.

त्याच तासाला पेटीचे कोडेही सुटले. पेटीवर एका सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. त्यामुळे २४० च्या षड्जाला तिचा गंधार ३०० ऐवजी सुमारे ३०२.४ आंदोलनांचा, म्हणजे जरा चढा बोलतो. पंचम मात्र जवळजवळ बरोबर असतो. तंबोरा चांगला जुळला की खर्जाच्या तारेतून जो आपोआप उमटणारा गंधार ऐकू येतो, तो ३०० च्याच मेळातला. म्हणून पेटीवर गळा घासलेल्या मुलाला तंबोऱ्याशी बसवले की तो क्षणभर गोंधळतो. मास्तरांनी पेटीची निंदा केली नाही. एवढे सांगितले की, साधनाची मर्यादा ज्याला कळली त्याने ते खुशाल वापरावे.

हीच गोष्ट रागांच्या गणिताची. षड्ज कधी वर्ज्य होत नाही. उरलेल्या सहा स्वरांतून एकही न वगळण्याचा प्रकार एक, एक वगळण्याचे प्रकार सहा आणि दोन वगळण्याचे पंधरा, मिळून बावीस. आरोहाचे बावीस व अवरोहाचे बावीस यांचा गुणाकार केला की एका मेळातून ४८४ राग निघतात. व्यंकटमखीचे ७२ मेळ घेतले तर ही संख्या ३४,८४८ होते. परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो आणि मुले तो हमखास सोडवतात. परंतु यांपैकी मैफलीत गायिले जाणारे राग फारच थोडे, असे का, हा प्रश्न कोणी विचारत नाही. वास्तविक शास्त्राचा खरा धडा तेथेच सुरू होतो. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच असून तीन रागांची तीन घरे वेगळी आहेत. अर्थात राग हा नुसत्या स्वरांच्या निवडीने होत नाही. कोठे थांबायचे, कोणता स्वर ओझरता घ्यायचा, कोणत्या अंगाने चालायचे, यांनी तो होतो. गणित सांगाडा देते, चेहरा देत नाही.

दहा थाटांची व्यवस्थाही अशीच समजून घेतली पाहिजे. मधुवंतीत गंधार कोमल, मध्यम तीव्र आणि बाकीचे स्वर शुद्ध. हा संच दहांपैकी एकाही थाटात नेमका बसत नाही. तरी पुस्तके त्याला तोडी थाटाखाली घालतात. विद्यार्थ्याने “असे का?” म्हणून विचारले तर त्याला गप्प बसवू नये. थाट ही कपाटातल्या खणांसारखी सोय आहे. एखादी वस्तू खणात मावली नाही तर दोष वस्तूचा नसतो. भातखंड्यांनी स्वतः लक्षणगीते रचली, म्हणजे रागाचे नियम त्याच रागाच्या चिजेत बांधून दिले. शास्त्र गायिले गेले पाहिजे ही त्यांची दृष्टी होती. आज अनेक वर्गांत तीच लक्षणे रुक्ष टिपणे होऊन वहीत पडतात.

तालाचे तर शास्त्र हातावरच शिकावे लागते. झपतालाच्या दहा मात्रा दोन-तीन-दोन-तीन अशा विभागतात. रूपकाच्या सात मात्रांत सुरुवातच खालीने होते. हे पन्नास वेळा लिहून जे कळत नाही ते टाळी-खाली देत एक चीज म्हटली की पाच मिनिटांत कळते.

अलीकडे शालान्त परीक्षेत शास्त्रीय कलांच्या परीक्षा दिलेल्या मुलांना वाढीव गुण मिळण्याची सोय झाली आहे. तिच्यामुळे संगीताच्या वर्गात मुले वाढली, हे चांगलेच झाले. पण गुणांसाठी आलेले मूल गुण घेऊन परत जावे, की कान घेऊन परत जावे, हे त्या तासावर अवलंबून आहे. शंभर मुलांतून गवई एखादाच निघणार, हे आपण सर्व जाणतो. ज्याचा गळा चालत नाही त्याला आपण लवकर बाजूला बसवतो. वस्तुतः शास्त्राचा तास सर्वांत जास्त त्याचाच आहे, कारण त्याला गाता आले नाही तरी ऐकता येईल.

म्हणून पालकांना आमची एक विनंती आहे. मूल संगीताची परीक्षा देऊन आले की, किती गुण मिळाले हे जरूर विचारावे. पण नंतर एखादे सकाळचे गाणे लावून, “हा भूप की देसकार?” हेही विचारावे. ते चुकले तर रागावू नये. आमचेही चुकले होते, आणि ज्या दिवशी ते चुकले त्याच दिवसापासून आम्ही ऐकू लागलो.