गाडी मागून बसली? आधी कमान मोजा, मग जादा पाटा घाला

अंबरनाथचे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले, शके ९८२ म्हणजे इ.स. १०६० चे. वालधुनीकाठच्या या मंदिराला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते. बदलापूर, वांगणी, मलंगगडाच्या पायथ्याची गावे, सगळीकडून माणसे मिळेल त्या वाहनाने येतात. अशा गर्दीत एखादी जुनी फियाट किंवा अॅम्बॅसिडर दिसली, तर जरा तिच्या मागच्या चाकांकडे पाहा. बहुधा मडगार्ड चाकावर उतरलेले आणि डिकी जमिनीकडे झुकलेली दिसेल. आपल्याकडे त्याला सरळ म्हणतात, ‘पाटे बसले’.

वाचकहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात वडिलांच्या वेळची गाडी अजून उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट निघू लागली, तिचीच पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली. अॅम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर गेली. कारखाने बंद पडले तरी गाड्या चालू आहेत, आणि या दोन्ही गाड्या मागे पाट्यांवरच उभ्या आहेत. मारुती ओम्नीही मागे पाट्यांवर, जिप्सी आणि जुनी महिंद्रा जीप तर चारी चाकांवर. म्हणजे दुखणे एकट्या फियाटवाल्याचे नाही.

पाटा बसतो म्हणजे काय?

पाट्याचे दोन गुण असतात, कमान आणि ताकद. कमान म्हणजे त्याचा बाक, ज्यामुळे गाडी उंच राहते. ताकद म्हणजे ओझ्याखाली किती कमी दबायचे तो जोर. पाटा जुना झाला की ‘कमजोर’ झाला असे आपण म्हणतो, पण पोलादाचा ताठपणा वयाने कमी होत नाही. पाटा तुटलेला नसेल आणि गंजून पातळ झाला नसेल, तर त्याचा जोर जवळपास पहिल्याइतकाच असतो. गेलेली असते ती कमान. पाच माणसांसाठी केलेल्या गाडीत आपण भाताची पोती भरतो. ५० किलोची सहा पोती म्हणजे ३०० किलो झाले, वर माणसे वेगळी. त्यात खड्डा आला की पाटा त्याच्या मर्यादेबाहेर वाकतो आणि पुरता मागे येत नाही. असे वर्षानुवर्षे झाले की पाटा सपाट होतो.

हे ध्यानात घेतले की स्वस्त इलाज आपोआप सुचतो. कमान गेली असेल तर कमान परत द्यायची. ओझे खरोखरच वाढले असेल, तरच जोर वाढवायचा.

आधी मोजमाप

गाडी सपाट जागी, रिकामी, चाकांत सारखी हवा भरून उभी करा. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या काठापर्यंत दोन्ही बाजूंनी अंतर मोजा. एकच बाजू खाली असेल तर त्या बाजूचा एखादा पाटा तुटला आहे का, ते पाहा. तो मधल्या भोकाजवळ तुटलेला सापडण्याचा संभव अधिक, कारण यू-बोल्ट ढिले राहिले की सगळा ताण तिथेच येतो. शॅकल आणि रबरी बुश झिजले असतील तर तेही बदला. हे काम थोड्या पैशांत होते आणि गाडी थोडी वर येते.

पाटे उतरवल्यावर दोन डोळ्यांमधून ताणून दोरी धरा आणि मध्यावर दोरीपासून मेन पाट्यापर्यंतची खोली मोजा. ही तुमची कमान. डाव्या-उजव्या पाट्यांची तुलना याच मापाने करायची.

एक खबरदारी. जॅकवर भरवसा ठेवू नका, गाडीखाली भक्कम स्टँड लावा. सेंटर बोल्ट काढण्याआधी पाट्यांची जुडी शिकंज्यात आवळून धरा. नाहीतर दाबलेले पाटे एकदम उसळतात आणि हाताला इजा होते.

कमान देणे

पाटेकाम करणारा कारागीर थंड पाट्यालाच ऐरणीवर जवळजवळ ठोके देत बाक आणतो. हा सर्वांत कमी खर्चाचा मार्ग. कमान काही प्रमाणात पुन्हा उतरते, पण हलक्या वापराच्या घरगुती गाडीला तो पुरतो. पक्के काम म्हणजे भट्टीत पाटा साधारण ९०० अंशांपर्यंत तापवून, बाक देऊन, तेलात बुडवायचा आणि पुन्हा ४५० ते ५०० अंशांवर तापवून त्याचा ठिसूळपणा काढायचा.

मात्र ‘गॅसने मधे लाल करतो आणि वाकवून देतो’ असे कुणी म्हणाले, तर गाडी तशीच परत आणा. लोहाराच्या भाषेत, पोलादाचे पाणी उतरते. असा पाटा महिन्याभरात पुन्हा बसतो किंवा तुटतो. पाट्याला वेल्डिंगही कधी करू नये. मेन पाटा चालत्या गाडीत तुटला तर मागचा अॅक्सलच सरकतो आणि गाडी ताब्यात राहत नाही.

पाटे खोललेच आहेत तर गंज घासून काढा आणि मधे ग्राफाइट ग्रीस लावा. टोकांना रबराची पट्टी असेल तर तिथे ग्रीस नको, रबर खराब होते.

जादा पाटा कधी?

समजा पाच पाटे आहेत आणि भरलेल्या गाडीत ते १० सेंटिमीटर दबतात. त्याच जाडीचा सहावा घातला तर ढोबळमानाने ८.३ सेंटिमीटर दबतील. म्हणजे मिळाले पावणेदोन सेंटिमीटरच! जादा पाटा गाडी फार उचलत नाही, ओझ्याखाली बसू देत नाही इतकेच. रोज दुधाचे कॅन किंवा भाजी न्यायची असेल तर तो घाला. फक्त रविवारी सहकुटुंब बाहेर पडायचे असेल तर घालू नका, गाडी उगाच दणके देईल.

रुंदी तीच हवी, आणि जाडी मूळ पाट्याइतकीच. जाडीचा हिशेब फसवा असतो. पाटा ५ ऐवजी ६ मिलिमीटर जाड झाला, तर त्याचा ताठपणा पाऊणपट वाढतो. म्हणून भंगारातला टेम्पोचा पाटा कापून घालणे ही बचत नव्हे. जादा पाट्याची लांबी दुसऱ्या आणि तिसऱ्या पाट्याच्या दरम्यान ठेवा, बसवायचाही तिथेच. काम नेहमी दोन्ही बाजूंना सारखे करा. यू-बोल्ट नवे आणि पुरेशा लांबीचे घ्या. बुशचे बोल्ट शेवटी, गाडी चाकांवर उभी असताना आवळा, नाहीतर रबर पिळले जाते. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

लांब शॅकल लावून डिकी उंच करणारेही भेटतील. त्याने जोर वाढत नाही, गाडी वळणावर डुलते. आणि ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, हे कोणत्याही कामानंतर बघायलाच हवे. शेवटी हेडलाइटचा झोत तपासा. मागून बसलेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. गाडी वर आली की तोही नव्याने लावावा लागतो.

मेस्त्रीकडे गेल्यावर आधी भाव विचारू नका. तीन गोष्टी विचारा: पाटा थंड ठोकणार की तापवणार? तापवला तर पाणी कुठे देणार? यू-बोल्ट नवे घालणार का? ज्याची उत्तरे सरळ मिळतील, त्याचे काम थोडे महाग असले तरी स्वस्तच पडते.