प्रमाणपत्र भिंतीवर, प्रक्रिया कुणाच्या हातात?

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज. कुठल्याही एमआयडीसीतल्या छोट्या कारखान्याच्या ऑफिसात शिरा, गणपतीच्या तसबिरीशेजारी आयएसओ ९००१चे प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेले दिसण्याची शक्यता बरीच. गाडी कंपन्यांना माल द्यायचा तर अशा कागदांवाचून दारात उभे करत नाहीत. ऑडिटची तारीख जवळ आली की काही ठिकाणी आठवडाभर धांदल उडते. मागल्या तारखांची रजिस्टरे एका पेनाने भरली जातात आणि कामगारांकडून गुणवत्ता धोरण पाठ करून घेतले जाते. ऑडिटर गेला की फायली पुन्हा कपाटात. मशीनवरच्या माणसाला हात द्यायला गुणवत्तेचे जे शास्त्र जन्मले, ते आपण ऑफिसच्या कपाटात कोंडले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या शास्त्राचा उगम अगदी साधा आहे. अमेरिकेत बेल टेलिफोनची यंत्रे वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी बनवी. तिथल्या वॉल्टर श्युहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी वरिष्ठांना एक छोटे टिपण दिले आणि त्यात एक आकृती काढली. तोच पहिला कंट्रोल चार्ट. त्यामागचा विचार असा: कुठलेही दोन जॉब हुबेहूब सारखे नसतात. काही फरक प्रक्रियेच्या अंगचाच असतो, काही फरक मात्र वेगळे काहीतरी घडल्यामुळे पडतो. पहिल्या फरकाला हात लावायचा नाही, दुसऱ्याचे कारण शोधायचे. दोन्हींतली सीमारेषा चार्ट दाखवतो. भारतीय संख्याशास्त्रज्ञ महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून श्युहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. त्यांचे विचार पुढे नेणारे डेमिंग १९५० मध्ये जपानला गेले. बीज दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी पडले. जपानने १९५१ पासून डेमिंग पारितोषिक सुरू केले, आणि भारतीय कंपनीला, चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनला, ते मिळायला १९९८ साल उजाडले.

हा विचार मशीनवर काय करतो ते जवळून पाहू. सीएनसी लेथवर एक शाफ्ट टर्न होतो आहे. ड्रॉइंगवर व्यास २४.९८० ते २५.००० मिलीमीटर, म्हणजे मधला आकडा २४.९९० आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा मायक्रॉनची मोकळीक. मशीन ठणठणीत आहे. त्याचा अंगचा फरक, संख्याशास्त्राच्या भाषेत प्रमाण विचलन, अडीच मायक्रॉन आहे. सीपीके, म्हणजे प्रक्रियेच्या क्षमतेचा निर्देशांक, १.३३ येतो, गाडी कंपन्या साधारण एवढाच मागतात. आता ऑपरेटर मन लावून काम करणारा आहे. एक जॉब मोजला, तीन मायक्रॉन प्लस निघाला, त्याने लगेच तीन मायक्रॉनचा मायनस ऑफसेट दिला, म्हणजे टूल तेवढे सरकवले. पुढचा जॉब चार मायनस, म्हणून चार प्लसचा ऑफसेट. प्रत्येक जॉबमागे असे केले तर फरकाचा वर्ग दुप्पट होतो आणि विचलन अडीचवरून साडेतीन मायक्रॉनच्या पुढे जाते. सीपीके ०.९४वर येतो. दहा हजारांत जेमतेम एक जॉब बाद व्हायचा, तिथे आता ४५हून अधिक होतात. सगळे बिघडले ते त्याच्या काळजीपोटी. त्याला ओरडून काय होणार? त्याच्या हातात चार्ट द्यायला हवा होता. तासाला पाच जॉब मोजायचे, सरासरीचा ठिपका मांडायचा. इन्सर्ट, म्हणजे टूलचे कापणारे टोक, झिजत जातो तसा व्यास हळूहळू वाढतो आणि ठिपके एका दिशेने चढू लागतात. तेव्हा ऑफसेट द्यायचा किंवा इन्सर्ट बदलायचा. एरवी हात मागे.

आयएसओच्या मानकाला प्रक्रियेचे हे महत्त्व कळायला वेळ लागला. १९८७च्या पहिल्या आवृत्तीचा भर लिखित कार्यपद्धतींवर होता. ‘जे करता ते लिहा, जे लिहिले ते करा’ हा मंत्र तेव्हाचा. २०००च्या आवृत्तीने दृष्टी बदलली: विभागांऐवजी प्रक्रिया पाहा. हा बदल फार मोलाचा आहे, कारण छोट्या कारखान्यात घोळ होतो तो बहुतेक दोन विभागांच्या मध्ये. जॉब बाहेर हीट ट्रीटमेंटला जातो, वाकून परत येतो, आवक तपासणीत फक्त कडकपणा पाहिला जातो आणि ग्राइंडिंगवाल्याच्या माथी रिजेक्शन बसते. टर्निंग, हीट ट्रीटमेंट, ग्राइंडिंग ही एकच साखळी मानली, तिचा एक धनी नेमला आणि वाक किती चालेल ते आधीच ठरवले, तर हे भांडणच उरत नाही. २०१५च्या आवृत्तीने आणखी मोकळीक दिली. गुणवत्ता पुस्तिकेची सक्ती काढली, धोक्यांचा विचार नियोजनातच आणला. तरीही कित्येक कारखान्यांत जाडजूड पुस्तिका आजही निगुतीने सांभाळल्या जातात!

मला सर्वाधिक खटकतो तो सुधारणात्मक कृतीचा फॉर्म. ग्राहकाची तक्रार येते, ‘का’ पाच वेळा विचारल्याचे दाखवले जाते आणि शेवटच्या रकान्यात उत्तर असते: ‘ऑपरेटरला समज दिली.’ ही सुधारणा नव्हे. जपानचे शिगेओ शिंगो १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकमध्ये गेले, तेव्हा छोट्या स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या असत आणि कधीकधी एखादी राहून जाई. समज देऊन झाली होती. शिंगोंनी समोर एक छोटी बशी ठेवायला लावली: आधी दोन स्प्रिंग बशीत काढायच्या, मग बसवायच्या. बशीत स्प्रिंग उरली तर चूक तिथल्या तिथे कळते. माणूस विसरणारच, हे धरून प्रक्रिया बांधली. फॉर्मच्या त्या रकान्यात अशी बशी दिसली पाहिजे.

आपल्याकडे हे जमत नाही असे कुणी म्हणू नये. महिंद्रच्या ट्रॅक्टर विभागाला २००३ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळाले, असा मान मिळवणारी ती जगातली पहिली ट्रॅक्टर कंपनी. भेलच्या हैदराबाद कारखान्यात १९८०च्या सुमारास क्वालिटी सर्कल सुरू झाली, म्हणजे कामगारांनीच एकत्र बसून आपल्या कामातल्या अडचणी सोडवायच्या. पण या कंपन्या मोठ्या. पाच-सहा मशीनच्या मालकाकडे ना वेगळा विभाग, ना सल्लागाराचे पैसे. त्याला चार्टसाठी लागते एक आलेखाची वही, पेन्सिल आणि चांगला मायक्रोमीटर.

म्हणून अशा मालकांना एक विनंती. येत्या दसऱ्याला मशीनची पूजा होईल, त्यानंतर एकच मशीन आणि एकच माप निवडा. ऑपरेटरकडून तासाला पाच जॉब मोजून घ्या, ठिपके त्यालाच मांडू द्या, २५ नमुने होईपर्यंत कुणालाही बोल लावू नका. मग त्यांवरून चार्टच्या मर्यादा काढा आणि ठिपका बाहेर गेला तर मशीन थांबवण्याचा अधिकार त्याला लेखी द्या. पुढच्या ऑडिटरला ती वही दाखवा, आणि ती समजावून सांगायला ऑपरेटरलाच पुढे करा.