रानीखेतहून निघणारा महाराष्ट्राचा इतिहास

पुस्तक हातात घेतले की आपण मुखपृष्ठ पाहतो, मलपृष्ठ चाळतो, किंमत वाचून ते जागेवर ठेवतो किंवा ठेवत नाही. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला मात्र फारसे कुणी जात नाही. प्राची देशपांडे यांच्या 'स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर' या २०२३ सालच्या इंग्रजी पुस्तकाचे ते पान जरूर वाचावे. विषय आहे मोडी लिपी आणि ती लिहिणारे कारकून. लेखिका कोलकात्याच्या 'सेंटर फॉर स्टडीज इन सोशल सायन्सेस'मधल्या. प्रकाशकाचा पत्ता मात्र उत्तराखंडातल्या रानीखेत छावणीचा, मॉल रोडवरचा. पुण्याच्या पेशवे दफ्तराशी नाते सांगणारा ग्रंथ कुमाऊंच्या डोंगरातून बाहेर पडावा, याचे पहिल्यांदा नवलच वाटते.

प्रकाशनसंस्थेचे नाव 'परमनंट ब्लॅक'. फाउंटन पेनाच्या शाईच्या बाटलीवर असते तेच. रुकुन अडवाणी आणि अनुराधा रॉय या पतिपत्नींनी ती २००० साली काढली. अडवाणी मूळचे लखनौचे. हजरतगंजमधले 'राम अडवाणी बुकसेलर्स' हे त्यांच्या वडिलांचे दुकान. अवधच्या इतिहासावर काम करायला आलेल्या देशीपरदेशी अभ्यासकांची तिथे हजेरी ठरलेली असे. अनुराधा रॉय यांना वाचक कादंबरीकार म्हणून ओळखतात. 'स्लीपिंग ऑन ज्युपिटर' २०१५ साली बुकरच्या लांब यादीत होती आणि 'ऑल द लाइव्हज वी नेव्हर लिव्ह्ड'ला २०२२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परमनंट ब्लॅकची मुखपृष्ठे बहुतांशी त्यांच्याच हातची. अडवाणींच्या नावावरही 'बीथोवन अमंग द काउज' ही १९९४ सालची कादंबरी आहे. पण लिहिण्यापेक्षा दुसऱ्याचे लिहिलेले दुरुस्त करण्यातच त्यांची हयात गेली.

या संस्थेचे मूळ शोधत गेले की मुंबईला पोचावे लागते. ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने हिंदुस्थानातली आपली शाखा १९१२ साली मुंबईत उघडली. जिम कॉर्बेटचे कुमाऊंच्या नरभक्षक वाघांवरचे प्रसिद्ध पुस्तक १९४४ साली आधी मुंबईतच छापले गेले. त्या काळी तिथे आर. ई. हॉकिन्स हे संपादक होते. कॉर्बेटप्रमाणेच सालिम अलींचे लेखनही त्यांच्याच नजरेखालून गेले. पुढे मुख्य कचेरी दिल्लीला हलली. तिथे रवी दयाळ यांच्या कारकिर्दीत इतिहास आणि समाजशास्त्राच्या पुस्तकांची अशी काही यादी उभी राहिली, की विद्यापीठांतल्या प्राध्यापकांना आपले पुस्तक तिथून यावे अशी आस लागे. १९८२ साली रणजित गुहांच्या संपादनाखाली निघालेला 'सबाल्टर्न स्टडीज'चा पहिला खंडही तिथलाच. अडवाणी या मुशीत घडले. रामचंद्र गुहांचे चिपको आंदोलनाच्या पार्श्वभूमीवरचे 'द अनक्वाएट वुड्स' हे पहिले पुस्तक १९८९ साली आले, ते अडवाणींच्या हाताखालून. या दोघांचे चाळीस वर्षांचे नाते, आणि त्यातली पत्रापत्री, गुहांनी 'द कुकिंग ऑफ बुक्स' या २०२४ च्या पुस्तकात मांडली आहे. लेखक हिंडाफिरायला आणि बोलायला उत्सुक, तर संपादक घराबाहेर पडायला नाखूश. एका जिवंत संपादकावर लेखकाने अख्खे पुस्तक लिहावे, असे आपल्याकडे फारसे घडलेले नाही.

मोठ्या संस्थेची नोकरी सोडून दोघांनी स्वतःची चूल मांडली. ती चालते कशी, हे त्याच मागच्या पानावर लिहिलेले असते. अक्षरजुळणी दिल्लीच्या आसपास, छपाई-बांधणी दिल्लीत, वितरण हैदराबादच्या ओरिएंट ब्लॅकस्वानकडे. गोदाम, विक्रेते, वसुली ही सगळी डोकेदुखी दुसऱ्याकडे देऊन टाकली की प्रकाशकाच्या हातात जे उरते तेवढे रानीखेतला होते. म्हणजे निवड आणि संपादन. अलीकडे अशोका विद्यापीठाशी हातमिळवणी करून पुस्तके निघतात, 'स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर' त्यांतलेच. त्यामुळे खर्चाचा भार थोडा वाटला जातो.

दुसरी गंमत परदेशी विद्यापीठांच्या छापखान्यांशी होणाऱ्या व्यवहाराची. अमेरिकेत कोलंबिया, कॅलिफोर्निया किंवा हार्वर्डने काढलेले भारतविषयक पुस्तक डॉलरच्या हिशेबाने इथल्या विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेर जाते. मग त्याच पुस्तकाची भारतीय आवृत्ती परमनंट ब्लॅक काढते, फक्त दक्षिण आशियात विकण्याच्या अटीवर. शेल्डन पोलॉक यांचा संस्कृत आणि देशी भाषांच्या राजकारणावरचा जाडजूड ग्रंथ कॅलिफोर्नियाकडून २००६ साली आला, आणि अशाच वाटेने भारतीय वाचकाच्या हाती पडला. हा व्यवहार बिनआवाजी असला तरी फार मोलाचा आहे. तो नसता तर आपल्या इतिहासावरचे वाद परदेशी ग्रंथालयांतच झडले असते आणि आपल्याला त्यांचा पत्ताही लागला नसता.

पण खरे काम संपादनाचे. पीएच.डी.चा प्रबंध आणि पुस्तक या दोन निराळ्या जाती आहेत, हे प्रबंध लिहिणाऱ्याला कुणीतरी सांगावे लागते. प्रबंधाचे पहिले प्रकरण परीक्षकांसाठी असते. आधी कोण काय म्हणाले, त्यात काय राहून गेले, मी ते कसे भरून काढणार, याची पन्नास पानी हजेरी. पुस्तकात ही हजेरी तळटिपांत जाते आणि पहिल्या पानावर एखादा माणूस, एखादा कागद, एखादे भांडण येते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटचे 'या प्रकरणात आपण पाहिले की' काढून टाकायचे. एकच पुरावा तीनदा आला असेल तर दोन ठिकाणी काट मारायची. विशेषनामांची स्पेलिंगे शेवटपर्यंत एकसारखी ठेवायची, सूची अशी करायची की 'कुलकर्णी' शोधणाऱ्याला 'वतन'ही सापडावे. लेखक रुसतात, अडून बसतात. चांगला संपादक त्यांच्याशी महिनोन्महिने पत्राने झुंजतो आणि शेवटी ऋणनिर्देशातल्या एका ओळीवर समाधान मानतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर या घराची यादी चकित करते. वीणा नरेगल यांचे वसाहतकाळातल्या पश्चिम भारतातील भाषा आणि अभिजन यांवरचे पुस्तक २००१ चे, म्हणजे संस्था जेमतेम उभी राहिली तेव्हाचे. क्रिस्तोफ जाफ्रलो यांचे आंबेडकरांवरचे, अनुपमा राव यांचे दलित राजकारणाच्या घडणीवरचे 'द कास्ट क्वेश्चन', ख्रिश्चन नोवेट्झकी यांचे नामदेवांच्या स्मृतीवरचे आणि नंतर लीळाचरित्र व ज्ञानेश्वरी शेजारी ठेवून लिहिलेले, ही सारी भारतात आली ती इथूनच. प्राची देशपांडे यांचे पहिले पुस्तक 'क्रिएटिव्ह पास्ट्स' २००७ चे. बखरींपासून ऐतिहासिक कादंबऱ्या-नाटकांपर्यंत मराठेशाहीची आठवण कशी घडत, बदलत गेली, याची ती कहाणी आहे. आपल्या व्यासपीठांवर रोज ज्या इतिहासाच्या नावाने हमरीतुमरी होते, त्याचा इतका शांत हिशेब क्वचितच वाचायला मिळतो.

'स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर'ची गोडी आणखी वेगळी. आपल्या लेखी मोडी म्हणजे जमिनीचे जुने कागद, आणि ते वाचून देणारा कुणी जाणकार. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ती शाळेत शिकवत, एवढे आजी-आजोबांकडून ऐकलेले असते. देशपांडे या लिपीकडे कामाची रीत म्हणून पाहतात. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेघ ओढायची, मग तिला लटकवत, बोरू शक्यतो न उचलता, अक्षरामागून अक्षर. हे वळण सौंदर्यासाठी नव्हते, कचेरीतल्या घाईसाठी होते. 'मेस्तक' नावाची जुनी टिपणे कारकुनाला कागद कसा लिहावा याबरोबर दरबारात वागावे कसे हेही शिकवीत. अक्षर, हिशेब, इमान, जातीचा मान, सगळे एकाच हातात. पुढे इंग्रजी अंमल, छापखाना आणि बाळबोध अक्षर आले आणि त्या हाताची पत उतरत गेली. लिपी मागे पडते तेव्हा नुसती अक्षरे जात नाहीत, एका वर्गाची सत्ताही सरकते, हे पुस्तकाच्या नावातच आहे.

तक्रारीही आहेत. पुठ्ठाबांधणीतली बरीच पुस्तके हजार रुपयांच्या पुढे जातात. डॉलरच्या मानाने ती स्वस्त असतील, पण तालुक्याच्या महाविद्यालयातल्या मुलाला ती महागच. काहींचे इंग्रजी असे, की संपादकाने एवढी मेहनत घेऊनही वाक्य दोनदा वाचावे लागते. शिवाय सारा डोलारा दोन माणसांच्या जिवावर. त्यांच्यानंतर काय, याचे उत्तर अशा कुठल्याच छोट्या संस्थेकडे नसते.

तरी माझी मोठी खंत वेगळीच आहे, आणि ती रानीखेतकडे बोट दाखवणारी नाही. मराठीत अभ्यासू लेखन होते, प्रबंध तर ढिगाने होतात. कथा-कवितेला गिरगावच्या खटाववाडीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक मिळाले. त्यांनी लेखकांकडून पुन्हापुन्हा लिहवून घेतले. वैचारिक गद्याच्या वाट्याला असा डोळा फार कमी आला. प्रबंध जसाच्या तसा छापला जातो, सूची नसते, संदर्भ अर्धवट असतात आणि पाचशे प्रती कपाटांत जाऊन बसतात. परिणाम असा, की मोडीच्या कारकुनाची गोष्ट सर्वांत नेटकी वाचायची तर इंग्रजीत वाचावी लागते. मला वाटते, यात दोष भाषेचा नाही. संपादकाला पगार देण्याची आपली तयारी नाही, एवढेच त्याचे कारण आहे.

तोवर वाचकाच्या हातात एक साधी गोष्ट आहे. तुमच्या गावच्या नगरवाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मागणीची वही असते आणि बहुतेक वेळा ती कोरीच राहते. तिच्यात 'क्रिएटिव्ह पास्ट्स' आणि 'स्क्रिप्ट्स ऑफ पॉवर' ही दोन नावे लिहून या. आणि ओळखीचा कुणी मराठी प्रकाशक असेल, तर त्याला या दोन्हींचे भाषांतर कधी काढणार, असे विचारा.