विंचू चावला आणि हातपाय गार पडले

किनवटच्या डोंगरपट्ट्यात किंवा निलंग्याकडच्या शिवारात दगड उचलताना लाल विंचू चावला, की सगळे ठणक्याकडे बघतात. बघायला हवं हातापायांकडे. नुसती आग होत असेल तर धोका सहसा कमी. पण दरदरून घाम, उलट्या आणि बर्फासारखे गार हातपाय दिसले, तर हृदयावर ताण आलाय. विष मज्जातंतू चेतवतं, रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, थकलेल्या हृदयामुळे फुफ्फुसात पाणी भरतं.

आपल्याच मराठवाड्यातल्या, जालना जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाड-बिरवाडी परिसरात असे रुग्ण उशाशी बसून न्याहाळले. वाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी त्यांनी वापरली. १९८६ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. चाळीस टक्क्यांच्या घरातलं मृत्यूचं प्रमाण पुढे एका टक्क्याच्या आसपास आलं.

गोळी मनाने घेऊ नका. रक्तदाब एकदम उतरतो, म्हणून रुग्णाला आडवंच ठेवतात. चिरा देणं, आवळून बांधणं, मंत्राने विंचू उतरवणं यात वेळ जातो. १०८ला फोन करा आणि दवाखान्यात पोचताच हातपाय कधी गार पडले ते आधी सांगा.